मोतीबिंदू "पिकू द्या" म्हणत थांबलो आणि आईचा डावा डोळा गेला

रामबागची लेक
नमस्कार मंडळी. इंदूरहून लिहिते आहे. सात महिने झाले, पण नीट लिहून काढायचं बळ आत्ता आलं. आमच्याकडून जे झालं ते निदान तुमच्या घरात होऊ नये, एवढ्यासाठी सगळं सविस्तर सांगते.

आई ७१ वर्षांची. रामबागेतल्या जुन्या घरात ती आणि बाबा राहतात, मी विजयनगरला. दोन-अडीच वर्षांपूर्वी एका सकाळी आई चष्मा न लावता पेपर वाचताना दिसली. अगदी बारीक टाईपसुद्धा. वीस वर्षं जवळचा चष्मा लावणारी बाई! घरात आनंदीआनंद. "नजर परत आली गं माझी," म्हणून तिने शेजारच्या काकूंना सांगितलं, मीही चार जणांना फोनवर कौतुकाने सांगितलं.

ती नजर परत आलेली नव्हती. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू सुरू झाला होता. भिंगाचा मधला गाभा घट्ट व्हायला लागला की त्याची ताकद वाढते, डोळ्याला उणे नंबर येतो आणि जवळचं काही काळ चष्म्याशिवाय दिसायला लागतं. लांबचं मात्र धूसर होतं. हे मला डॉक्टरांनी नंतर सांगितलं. तेव्हा माहीत असतं तर त्याच आठवड्यात तिला घेऊन गेले असते.

त्या आनंदात आणखी एक गोष्ट झाकली गेली. डावा डोळा तोवर बराच गढूळ झाला होता, पण उजव्याने वाचता येत होतं, म्हणून कोणाच्या लक्षातच आलं नाही. आईच्याही नाही. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा वाईटाचं काम ओढून नेतो. आता मागे वळून बघते तेव्हा खुणा दिसतात. चहा ओतताना कपाची कड चुकायची. मेथी निवडताना पिवळी पानं भाजीत राहायची. राजवाड्यावरून संध्याकाळी परतताना समोरच्या गाड्यांचे दिवे "फुटतात" म्हणायची आणि माझा दंड घट्ट धरायची. माजघरातून स्वयंपाकघरात उतरताना एक पायरी आहे, तिच्यावर दोनदा पडली. आम्ही पायरीला पिवळा रंग लावला. डोळे दाखवले नाहीत.

नंतर एकदा चष्म्याच्या दुकानात तपासलं तेव्हा "मोतीबिंदू है, डॉक्टर को दिखा लो" असं सांगितलं होतं. घरी आल्यावर ओळखीतल्या दोघा-तिघांनी, अगदी मायेनेच, सांगितलं की कच्चा मोतीबिंदू काढू नये, पिकू द्यावा. बाबांनाही ते पटलं. आईला ऑपरेशनची भीती होतीच. थांबलो.

गेल्या थंडीत एका रात्री आईला डावीकडचं डोकं फुटेल असं दुखायला लागलं. दोन उलट्या झाल्या. आम्हाला वाटलं पित्त. पित्ताची गोळी दिली, कपाळाला बाम लावला. सकाळी जवळच्या एका दवाखान्यात नेलं, तिथे अर्धशिशी म्हणून इंजेक्शन मिळालं. डोळा लाल होता, पण रात्रभर जागरण आणि रडणं, त्यामुळे असेल असं सगळ्यांनीच धरलं. दुसऱ्या दिवशी दुपारी आई म्हणाली, "या डोळ्याने आता उजेडसुद्धा कळत नाही." तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे धावलो. डोळ्यातला दाब ५४ निघाला. तो साधारण १० ते २१ असतो. पिकून फुगलेल्या मोतीबिंदूने डोळ्यातल्या पाण्याची वाट अडवली होती. सलाईनमधून औषध देऊन दाब उतरवला, दोन दिवसांनी मोतीबिंदू काढला, लेन्सही बसली. पण तोवर डोळ्यामागची, नजर मेंदूपर्यंत नेणारी नस दबून मेली होती. त्या डोळ्याने आज तिला समोर हललेला हात कळतो, बस.

नसेचं गेलेलं परत येत नाही. डॉक्टर एवढंच म्हणाले की सहा महिने आधी आला असतात तर वीस मिनिटांचं काम होतं.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे. तुमच्यापैकी कोणी यातून गेलं असेल तर लिहा. आणि आज रात्री घरातल्या मोठ्या माणसांचा एकेक डोळा तळहाताने झाकून समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला सांगा. आधी डावा, मग उजवा. दोन मिनिटं लागतात.

सुदामानगर
ताई, वाचून पोटात कालवलं. आत्ताच सासूबाईंना कॅलेंडर वाचायला सांगितलं. उजव्याने तारखाही वाचल्या, डाव्याने फक्त महिन्याचं नाव. त्या स्वतःच चपापल्या. उद्या सकाळीच नेते. पण एक विचारते, हे "पिकू द्या" आलं कुठून? आमच्याकडेही सगळे हेच म्हणतात.

शिप्राकाठ
मी नेत्र सहायक म्हणून माळव्यात ३३ वर्षं नोकरी केली, आता निवृत्त आहे. सुदामानगर ताई, तुमचा प्रश्न मला शिबिरांत हजारदा तरी विचारला गेला असेल.

"पिकू द्या" हा सल्ला एके काळी बरोबर होता. मी नोकरीला लागलो तेव्हा शाळेच्या वर्गात सतरंज्या घालून शिबिरं व्हायची. त्या काळी मोतीबिंदू म्हणजे अख्खं भिंग बाहेर काढायचं, मोठा छेद, टाके, आणि रुग्णाला कित्येक दिवस जपून ठेवायचं. आत दुसरं भिंग बसवायची सोय आमच्या शिबिरांत नव्हती. मग डोळ्यावर दहा नंबरचा जाड चष्मा यायचा. त्यातून वस्तू पाव पटीने मोठ्या दिसायच्या, कडेचं काही दिसायचं नाही, पाण्याचा लोटा धरायला गेलं की हात अलीकडेच थांबायचा. एकाच डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल तर दोन डोळ्यांना दोन आकाराची चित्रं दिसायची आणि माणूस गरगरून जायचा. असा चष्मा लावण्यापेक्षा अर्धवट मोतीबिंदूची नजर बरी, म्हणून दोन्ही डोळे पार जाईपर्यंत थांबायचे. शिवाय पिकलेलं भिंग सुटून यायलाही सोपं जायचं.

ते शास्त्र बदललं, म्हण मात्र घराघरात राहून गेली. डोळ्यात कृत्रिम भिंग बसवण्याचं पहिलं ऑपरेशन लंडनला हॅरॉल्ड रिडली या डॉक्टरांनी १९४९ साली केलं. महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यात विमानाच्या खिडकीच्या प्लास्टिकचे कपचे गेले होते. ते आत राहूनही डोळा चिडला नाही, हे त्यांनी पाहिलं होतं. भिंगाचा गर कंपनांनी फोडून ओढून घ्यायची फेकोची पद्धत अमेरिकेत चार्ल्स केलमन यांनी १९६७ साली आणली. आपल्या गावांपर्यंत हे पोचायला वेळ लागला, पण पोचलं. आता दोन-तीन मिलिमीटरची फट, तिच्यातून घडी घातलेली लेन्स आत जाते आणि उलगडते. टाका नाही. जिथे फेकोचं यंत्र नाही किंवा गाभा फार कडक झाला आहे तिथे थोडी मोठी फट ठेवून हाताने काढतात, तीही बिनटाक्याची आणि चांगली पद्धत आहे. तिला कमी लेखू नका.

आता उलट आहे. जितका पिकवाल तितका गाभा कडक, तपकिरी, आणि ऑपरेशन अवघड. मग कधी करायचं? रोजच्या कामात अडायला लागलं की. स्वयंपाक, शिवण, रस्ता ओलांडणं, पोथी वाचणं, रात्री गाडी चालवणं. कोणाला ते लवकर अडेल, कोणाला उशिरा. दिसतंय छान पण यंत्रात थोडा दिसला, तर घाईही करू नका, वर्षाला दाखवत राहा.

आणखी एक बोलतो, कारण हे मी डोळ्यांनी बघितलं आहे. शिबिराला नवरा एका डोळ्याचा मोतीबिंदू घेऊन आलेला असायचा आणि त्याला हात धरून आणणारी बायको दोन्ही डोळ्यांनी अर्धी आंधळी असायची. तिला विचारलं की म्हणायची, "पेली इनको कर दो." (आधी यांचं करा.) घरातल्या बाईच्या डोळ्यांची पाळी शेवटी येते. आपल्या देशाने १९७६ साली अंधत्वाविरुद्ध राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, सरकारी रुग्णालयांत ऑपरेशन फुकट होतं, तरी २०१५–१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या अंधांमध्ये ६६ टक्के लोक मोतीबिंदूमुळेच अंध निघाले. ज्याला उपाय आहे अशा कारणाने! मला हे सहन होत नाही.

ग्वाल्हेरी
रामबागची लेक, तुमच्या आईंना काचबिंदू झाला असं धरायचं का? मग तुम्हालाही होऊ शकतो ना? आमच्या घरात दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतात.

दुसरं, माझी मावशी डोळ्यात मध घालते. गुलाबपाण्यात मिसळून. कोणीतरी तिला "मोतीबिंदू विरघळवणारे" थेंबही आणून दिले आहेत, महाग आहेत. तिचं वय पाहून मी बोलत नाही, पण मन खातं.

शिप्राकाठ
बोला, भाऊ. मावशीशी प्रेमाने पण आजच बोला. भिंगातली प्रथिनं गोळा होऊन गढूळ होतात. उकडलेल्या अंड्याचा पांढरा बलक पुन्हा पारदर्शक होत नाही, तसंच हे. कुठल्याही थेंबाने, चूर्णाने, मधाने ते साफ होतं असं सिद्ध झालेलं नाही. मधाने किंवा कांद्याच्या रसाने बुबुळाला जखम झाली, तीत बुरशी गेली, तर मोतीबिंदू राहिला बाजूला, डोळाच जायची वेळ येते. जीवनसत्त्वांच्या गोळ्यांनीही मोतीबिंदू थांबत नाही. पालेभाज्या, गाजर, आवळा जरूर खावेत, अंगाला चांगलेच आहेत, पण ऑपरेशनच्या ऐवजी नव्हे.

दोन शब्दांतला फरक मोठा आहे. मोतीबिंदू म्हणजे पुढचं भिंग गढूळ. ते बदलता येतं. काचबिंदू म्हणजे मागची नस मरत जाणं, बहुतेक वेळा दाबामुळे. गेलेली नजर येत नाही, उरलेली औषधाने राखता येते. नेहमीचा काचबिंदू दुखत नाही, कडेची नजर गुपचूप खात येतो. तो घराण्यात चालतो. आई-वडील किंवा सख्ख्या भावंडाला असेल तर चाळिशीनंतर दरवर्षी दाब आणि नस दोन्ही तपासून घ्या. नुसत्या दाबावर सोडू नका, दाब ठीक असूनही नस खराब होणारे रुग्ण मी पाहिले आहेत. रामबागच्या ताईंच्या आईंना जो झाला तो पिकलेल्या भिंगामुळे, त्यामुळे तो वारशाने येण्यातला नाही. तरी ताई, तुम्ही एकदा तपासून घ्याच.

आणि सगळ्यांनी लक्षात ठेवा: एक डोळा लाल, त्याच बाजूचं डोकं दुखतं, उलट्या, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात, नजर अंधुक. हे पित्त समजून रात्र काढायची नाही. त्याच तासाला डोळ्यांच्या इमर्जन्सीत.

उसळपोहे
वय ५२, मुक्काम लोकमान्यनगर. माझी गोष्ट मोतीबिंदूपाशी सुरू झाली आणि भलतीकडे गेली.

गेल्या वर्षी चार महिन्यांत माझा चष्म्याचा नंबर दोनदा बदलला. पहिला चष्मा पंधरा दिवसांत लागेनासा झाला. मी दुकानदाराशी भांडायला गेलो, तर त्या भल्या माणसाने नंबर पुन्हा मोजला आणि म्हणाला, "भाईसाब, काँच मत बदलो, पहले शुगर करा लो." रक्तातली साखर चढली की डोळ्याचं भिंग पाणी धरतं, फुगतं आणि नंबर हलतो, हे मला तेव्हा कळलं. तीन महिन्यांची सरासरी साखर ९.४ निघाली. मला कसलाच त्रास नव्हता. तहान लागायची, ती इंदूरच्या उन्हाची समजत होतो. रात्री दोनदा उठायचो, ते वयाचं समजत होतो.

मग बाहुली मोठी करणारे थेंब घालून मागचा पडदा तपासला. पडद्यावर सुईच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके होते. नजर पूर्ण स्वच्छ, तरी आत ठिपके. डॉक्टरांनी सांगितलं की साखर आणि बीपी आवरलं तर हे बरीच वर्षं इथेच थांबवता येईल. नाही आवरलं तर लेझर, इंजेक्शनं, आणि मोतीबिंदूही लवकर. तेव्हापासून दरवर्षी पडदा दाखवतो. ज्यांना शुगर निघाली आहे त्यांनी, नजर कितीही चांगली असो, त्याच महिन्यात पडदा दाखवावा, कारण आजार कळतो त्याच्या आधी कित्येक वर्षं तो अंगात असू शकतो. त्या दिवशी गाडी स्वतः चालवू नका, चार-पाच तास उजेड सहन होत नाही.

खाण्याचं सांगतो. आपल्या इंदुरात सकाळ पोह्यांवर शेव आणि बाजूला जलेबी अशी उगवते. मी पोहे सोडले नाहीत. जलेबी सोडली, पोह्यांची बशी अर्धी केली आणि वर मोड आलेल्या मटकीची उसळ बिनशेवेची घेतो. शेवेने साखरेपेक्षा बीपीला जास्त त्रास होता. दिवसाला सगळं मिळून पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे लहान चमचाभरच, मीठ हवं. माझ्या घरात ते शेव, पापड, लोणचं आणि चटणीतच संपत होतं, भाजीतलं वेगळं. आता लोणचं रविवारी. पिपल्यापाला तलावाच्या बागेत रोज चाळीस मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस तरी, बोलता येईल पण गाता येणार नाही अशा वेगाने चालतो. आठ महिन्यांनी सरासरी ६.८ आली. बीपी १५४ वरून १३० च्या आसपास. गोळी चालू आहे आणि चालूच राहील. बरं वाटतंय म्हणून बीपीची गोळी बंद करणारे माझे दोन मित्र आहेत, त्यांतल्या एकाचा उजवा हात आता उचलत नाही.

सुदामानगर
दाखवून आले. सासूबाईंच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहेच, ऑपरेशनला योग्य आहे म्हणाले. दाब आणि नस ठीक. पुढच्या महिन्यातली तारीख घेतली. "वय झालं की दिसायचं कमीच" असं त्या दोन वर्षं म्हणत होत्या आणि मी ऐकून घेत होते. रामबागच्या ताई, आभार कसे मानू?

बडोदेकर
इंदूरच्या धाग्यात बडोद्याहून शिरतो, क्षमस्व, पण हे सांगायलाच हवं. मोतीबिंदू म्हाताऱ्यांचा असं समजू नका. माझ्या मुलाला तो तेराव्या वर्षी झाला.

सात वर्षांचा असल्यापासून उन्हाळा आला की त्याचे डोळे खाजायचे, लाल व्हायचे, तारा सुटायच्या. डोळ्यांची ॲलर्जी. पहिल्या वेळी डॉक्टरांनी एक थेंब दिला, दहा दिवसांसाठी. दोन दिवसांत आराम. पुढच्या वेळी मी तीच रिकामी बाटली घेऊन मेडिकलवर गेलो आणि तेच थेंब आणले. मग दर वेळी. पाच-सहा वर्षं. कागदाची गरजच पडली नाही. त्यात स्टिरॉइड होतं. शाळेतून तक्रार आली की फळ्यावरचं दिसत नाही, उन्हात तर अजिबात नाही. तपासलं तर दोन्ही भिंगांच्या मागच्या बाजूला जाळं धरलेलं आणि डाव्या डोळ्यात दाबही वाढलेला. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. दाबाचे थेंब कदाचित जन्मभर.

स्टिरॉइड वाईट औषध नाही, त्याच डॉक्टरांनी मला समजावलं. योग्य वेळी, मोजून, दाब तपासत दिलं तर तेच डोळा वाचवतं. चूक माझी होती की मी ते दुकानातून बिस्किटासारखं आणत राहिलो. लाल डोळ्याला जुनी बाटली वापरू नका. दम्याचा पंप, सांधेदुखीच्या, त्वचेच्या स्टिरॉइडच्या गोळ्या दीर्घकाळ चालू असतील तर त्या बंद करू नका, पण डोळे दर सहा महिन्यांनी दाखवा. आणि "गुडघेदुखी दोन दिवसांत गायब" करणाऱ्या बिननावाच्या पुड्यांत काय असतं ते कोणालाच माहीत नसतं, त्या घेऊच नका.

काळी माती
देवासकडे शेती आहे, घर इंदूरला. माझे वडील ५८ व्या वर्षी दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून बसले. बिडी दिवसाला दोन बंडल, आणि आयुष्य उन्हात, डोक्याला फक्त गमछा. डॉक्टर म्हणाले, तंबाखूचा धूर आणि ऊन दोन्ही भिंग लवकर गढूळ करतात. माझी सिगारेट त्या दिवशी सुटली. शेतावर आता रुंद काठाची टोपी आणि अतिनील किरण अडवणारा चष्मा. नुसती काळी काच नको, ती तर बाहुली मोठी करून आणखी किरण आत घेते, हे दुकानदाराला विचारून घ्या.

मार लागूनही मोतीबिंदू होतो. आमच्या गड्याच्या डोळ्यात नांगराचा फाळ ठोकताना लोखंडाचा कण गेला, सहा महिन्यांत भिंग पांढरं. वय २६. वेल्डिंग, ग्राइंडर, ठोकाठोकी, काहीही असो, पन्नास-शंभर रुपयांचा पारदर्शक गॉगल लावा. २०२५ च्या दिवाळीत कार्बाइड गनने (पाइपमध्ये कार्बाइडचा बार उडवणाऱ्या देशी बंदुकीने) आपल्या मध्य प्रदेशात, भोपाळला तर विशेष, किती मुलांचे डोळे भाजले ते सगळ्यांनी पाहिलं. ती आपल्या पोरांच्या हातात येऊ देऊ नका. रंगपंचमीच्या गेरमध्येही (रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीत) गॉगल लावा आणि ऑपरेशन होऊन महिना-दीड महिना झाला नसेल तर राजवाड्याकडे फिरकूच नका.

नवी आई
एक छोटी भर. तान्ह्या बाळाची बाहुली पांढरी दिसली, किंवा फ्लॅशच्या फोटोत एका डोळ्यात पांढरी चमक आली, तर आठवडाभरसुद्धा थांबू नका. जन्मजात मोतीबिंदू असू शकतो, त्याहून गंभीरही काही असू शकतं. बाळाचा मेंदू बघायला शिकत असतो, उशीर झाला तर नंतरच्या ऑपरेशनने नजर येत नाही. गरोदरपणात रुबेला झाला तर बाळाला मोतीबिंदू होऊ शकतो, म्हणून मुलांची गोवर-रुबेलाची लस चुकवू नका. आमच्या भाचीचा डोळा माझ्या जावेच्या फोटोमुळे वाचला.

रामबागची लेक
सगळ्यांचं वाचते आहे, आईलाही वाचून दाखवते. बडोदेकर दादा, तुमच्या लेकाला खूप आशीर्वाद सांगितले आहेत तिने.

उजव्या डोळ्यासाठी आधी एका मोठ्या ठिकाणी गेलो होतो. तिथे तपासणी संपायच्या आत एका मुलीने लेन्सचं रंगीत पुस्तक समोर ठेवलं. सगळ्यात महाग ती "चष्मामुक्त" लेन्स घ्या, आईसाठी सर्वोत्तमच घ्यायचं ना, असं म्हणत राहिली. मी सही करणारच होते. दुसऱ्या डॉक्टरांना विचारलं तर ते स्वच्छ बोलले: ज्या बाईचा एक डोळा नसेमुळे गेला आहे, तिच्या राहिलेल्या डोळ्यात उजेड दोन-तीन ठिकाणी विभागणारी लेन्स कशाला? साधी एकाच अंतराची लेन्स लांबसाठी बसवू, वाचायला चष्मा लागेल, चित्र सगळ्यात स्वच्छ मिळेल. ज्यांना नस किंवा पडद्याचा आजार आहे त्यांनी हे नक्की विचारा. महाग लेन्स वाईट नाही, पण डोळा बघून ठरवायची, पुस्तक बघून नाही.

खर्चाचं म्हणाल तर सत्तरीपुढच्या कोणालाही, उत्पन्न कितीही असलं तरी, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान कार्ड मिळतं. आईचं काढून घेतलं. मात्र त्या रुग्णालयात त्या कार्डावर हे ऑपरेशन होतं का, हे आधीच विचारावं.

शिप्राकाठ काका, परवा ऑपरेशन आहे. काय काय सांभाळू?

शिप्राकाठ
ताई, आधी औषधांची यादी. बीपी, शुगर, रक्त पातळ करणारी गोळी, सगळी पाकिटं पिशवीत घालून घेऊन जा. स्वतःच्या मनाने कुठलीही बंद करू नका. (वाचणाऱ्या पुरुषांसाठी: प्रोस्टेटची टॅमसुलोसिन गोळी घेत असाल, किंवा पूर्वी कधी घेतली असेल, तर सर्जनला नक्की सांगा. तिच्याने बाहुलीचा पडदा ढिला पडतो आणि ऐन ऑपरेशनमध्ये त्रास होतो. आधी कळलं तर ते तयारीत असतात.)

घरी आल्यावर थेंब घालणाऱ्याने साबणाने हात धुवायचे, प्रत्येक वेळी. बाटलीचं टोक पापणीला लागू द्यायचं नाही. दोन औषधांत पाच-दहा मिनिटांचं अंतर. रात्री झोपताना प्लास्टिकची झाकणी चिकटपट्टीने. डोक्यावरून अंघोळ आणि चुलीचा धूर डॉक्टर सांगतील तोवर बंद. वाकून जड बादली उचलायची नाही. टीव्ही बघितला, थोडं वाचलं तर काही होत नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून दुखणं कमी व्हायला हवं. वाढलं, डोळा जास्त लाल झाला, किंवा काल दिसत होतं त्यापेक्षा आज कमी दिसलं, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी फोन करा. आत जंतू शिरला असेल तर तासांचा प्रश्न असतो.

काही महिन्यांनी, वर्षांनी पुन्हा धूसर झालं तर "मोतीबिंदू परत आला" असं म्हणू नका. लेन्समागची झिल्ली गढूळ होते, लेझरने पाच मिनिटांत मोकळी करतात.

उसळपोहे
परवासाठी शुभेच्छा, ताई. आईंना नमस्कार.

रामबागची लेक
बारा दिवस झाले. उशिरा लिहिते आहे, थेंबांचं वेळापत्रकच दिवस खातं.

आईचा उजवा डोळा उत्तम आहे. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली, डॉक्टरांनी समोरचा तक्ता वाचायला लावला, शेवटून दुसऱ्या ओळीपर्यंत गेली. मग खिडकीकडे वळली आणि विचारलं, "हा पडदा निळा आहे?" निळाच होता. घरी आल्यावर बैठकीच्या भिंतीजवळ उभी राहिली. दिवाळीला आम्ही रंग दिला होता तेव्हा ती म्हणाली होती, पिवळट का दिलात, मला पांढरा हवा होता. आम्हाला वाटलं होतं हट्ट करते आहे. भिंत पांढरीच होती. तिचं भिंग पिवळं होतं.

काल तिने मला जवळ बसवून माझा चेहरा नीट बघितला आणि म्हणाली, "तुला कानाजवळ पांढरे केस आलेत गं, कधी आले?" मला उत्तर देता आलं नाही.

डाव्या डोळ्याचं दुःख आहेच. समोरून डावीकडून कोणी आलं की ती दचकते. पायरीवर उतरताना अंतराचा अंदाज चुकतो, म्हणून तिथे कठडा बसवून घेतला. डॉक्टरांनी चष्मा कायम लावायला सांगितला आहे, नंबर नसला तरी, कारण आता राहिलेल्या डोळ्याला काही लागता कामा नये.

रविवारी भिशीच्या बायका आमच्याकडे जमल्या होत्या. आईने प्रत्येकीला पाळीपाळीने उंबऱ्यावर उभं केलं, एक डोळा तळहाताने झाकायला लावला आणि समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवरची चतुर्थी शोधायला सांगितली. अकराजणींत तिघींना एका डोळ्याने सापडली नाही. एकीला ते त्याच क्षणी कळलं, ती खुर्चीवर बसूनच राहिली. तिघींनाही मी माझ्या गाडीतून नेणार आहे.

मग आईने बाबांना हाक मारली. ते नको नको म्हणत होते, मला काय झालंय म्हणून. उजव्याने वाचलं. डावा उघडा ठेवून उजवा झाकला तर चौकटी दिसतात, आकडे नाहीत.

बाबांची वेळ गुरुवारी सकाळी साडेदहाची मिळाली आहे.